शाळेच्या हद्दीची रेघ

१९६४ सालचा सप्टेंबर. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शार्लट या शहरात एक कुटुंब नुकतेच भारतातून परतले होते. डेरियस आणि व्हेरा स्वान हे कृष्णवर्णीय जोडपे मिशनरी म्हणून काही वर्षे आपल्या देशात राहिले होते. मुलगा जेम्स सहा वर्षांचा, शाळेत घालायच्या वयाचा. घराजवळ सेव्हर्सव्हिल नावाची शाळा होती आणि तिथे गोरी नि काळी मुले एकत्र बसत होती. आईवडिलांनी तीच शाळा पसंत केली. पण शाळेकडून निरोप आला की तुमचे घर बिडलव्हिलच्या शाळेच्या हद्दीत येते, तेव्हा मुलाला तिकडे न्यावे. बिडलव्हिलची शाळा संपूर्णपणे काळ्या मुलांची होती.

डेरियस स्वान यांनी शिक्षण मंडळाला पत्र लिहिले. माझ्या मुलांना वर्णभेद काय असतो ते अजून ठाऊक नाही, सगळ्या तऱ्हेच्या माणसांत ती मोकळेपणाने वाढली आहेत आणि त्यांचा हा मोकळेपणा टिकावा अशी आमची इच्छा आहे, असा त्या पत्राचा आशय होता. हे वाचून आपल्याला बरे वाटते. पण भारतीय माणसाने ते जरा जपूनच वाचावे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला तेव्हा त्याला दार बंद झाले होते आणि मुंबई सरकारने तो नकार कायम ठेवला होता. परदेशी मिशनऱ्याच्या मुलाला न दिसणारी रेघ इथल्या मुलाला चांगलीच ठाऊक होती. असो.

मंडळाने स्वान यांची विनंती मानली नाही. जानेवारी १९६५ मध्ये ज्युलियस चेंबर्स या तरुण कृष्णवर्णीय वकिलाने स्वान आणि इतर काही कुटुंबांच्या वतीने दावा लावला. एका सहा वर्षांच्या मुलाच्या नावनोंदणीवरून सुरू झालेला हा दावा पुढे सगळ्या अमेरिकेला घुसळून काढणार होता.

पुढे जाण्यापूर्वी तिथली व्यवस्था थोडी समजून घेऊ. आपल्याकडे ‘पब्लिक स्कूल’ म्हटले की भरमसाट फी घेणारी खासगी शाळा डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत त्याचा अर्थ नेमका उलटा. पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, फी नसलेली शाळा, आणि देशातली बहुसंख्य मुले अशाच शाळांत शिकतात. कोणत्या शाळेत जायचे हे बहुतेक ठिकाणी घराच्या पत्त्यावरून ठरते. प्रत्येक शाळेची हद्द नकाशावर आखलेली असते. शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक घरपट्टीतून येतो, म्हणजे महागड्या घरांच्या भागात शाळेकडेही पैसा जास्त. थोडक्यात, तिथे घर घेताना माणूस भिंती आणि छप्पर घेतो तसा मुलांचा वर्गही विकत घेतो. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९९९ साली बॉस्टनच्या उपनगरांतली घरे तपासली. हद्दीच्या रेघेच्या अलीकडची आणि पलीकडची, एरवी सारखीच असणारी घरे त्यांनी निवडली. जिकडच्या शाळेचे गुण जास्त, तिकडच्या घराला किंमत जास्त, असे त्यांना आढळले. परीक्षेतले गुण पाच टक्क्यांनी अधिक असतील तर पालक घरासाठी सुमारे अडीच टक्के जादा मोजत होते.

आता शार्लटकडे वळू. काळ्या-गोऱ्या मुलांसाठी कायद्याने वेगळ्या शाळा ठेवणे घटनाबाह्य आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच दिला होता. तीन वर्षांनी शार्लटमध्ये डोरोथी काउंट्स ही पंधरा वर्षांची मुलगी एका गोऱ्या शाळेत दाखल झाली. जमावाने तिची टर उडवली, तिच्यावर थुंकले, वस्तू फेकल्या. ती शांतपणे चालत राहिली आणि तिचे ते छायाचित्र जगभर गेले. चार दिवसांनी आईवडिलांनी तिला शाळेतून काढून घेतले. त्यानंतर शहराने हळूहळू अधिक सभ्य मार्ग धरला. दारात कुणाला अडवायचे नाही, फक्त हद्दी आखायच्या. वस्त्या आधीपासूनच वेगळ्या होत्या. कर्ज देताना बँका आणि सरकारी खाती वस्तीचा रंग पाहत, घरांच्या खरेदीखतातही काळ्यांना विकू नये अशा अटी असत. अशा वस्त्यांभोवती ‘जवळची शाळा’ या निरुपद्रवी तत्त्वाने रेघा ओढल्या की शाळा आपोआप वेगळ्या होतात. १९६९ मध्ये शहरात सुमारे २१ हजार काळी मुले शाळेत जात होती. त्यांतली जवळजवळ १४ हजार अशा २१ शाळांत होती, जिथे गोरे मूल औषधालाही सापडले नसते.

दावा न्यायमूर्ती जेम्स मॅकमिलन यांच्यापुढे आला. ते इथलेच, गोऱ्या प्रतिष्ठितांच्या वर्तुळात उठबस असलेले. पुरावा समोर येत गेला तसे त्यांचे मत बदलले. १९६९ मध्ये त्यांनी मंडळाला नवी योजना आणायला सांगितले, मंडळाने टाळाटाळ केली तेव्हा बाहेरचा तज्ज्ञ नेमला, आणि १९७० च्या सप्टेंबरात पिवळ्या बस शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावू लागल्या. मधल्या वस्तीतली आणि उपनगरातली शाळा यांची जोडी लावायची. पहिली ते चौथीची काळी मुले बसने उपनगरात जायची. पाचवी-सहावीची गोरी मुले शहराच्या मध्यभागात यायची. म्हणजे सगळ्यात लहान वयात प्रवास कुणाच्या वाट्याला आला, ते इथेच लक्षात येईल.

गोरे पालक खवळले. त्यांनी संघटना काढली, हजारोंच्या सभा भरवल्या, सह्यांचे गठ्ठे जमवले आणि मंडळाच्या निवडणुकीत आपली माणसे निवडून आणली. त्यांची बाजू नुसती द्वेषाची होती असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरते खरे नाही. ‘आम्ही पोटाला चिमटा घेऊन या शाळेसाठी हे घर घेतले. आता न्यायाधीश म्हणतो, मूल रोज मैलोन्‌मैल लांब पाठवा. ते आजारी पडले तर आम्ही कधी पोचणार? तिथले शिक्षण कमी दर्जाचे निघाले तर त्याचे वर्ष कोण परत देणार?’ असे बोलणारी आई कुठल्याही देशात भेटते. मात्र काळ्या वस्तीतल्या शाळेचा दर्जा कमी आहे असे गोरा पालक म्हणत होता, तेव्हा तोच मुद्दा काळा पालक कित्येक वर्षे मांडत आला होता, हे त्याच्या ध्यानात येत नव्हते. आणि बस काही नवी नव्हती. नव्या योजनेपूर्वीही या भागात २३,६०० मुले सरासरी १५ मैल बसने जात होती, एका फेरीला तासाहून जास्त लागत होता. त्या बसबद्दल कुणाची तक्रार नव्हती. नव्या योजनेतला प्राथमिकच्या मुलांचा प्रवास त्याहून कमीच होता, सरासरी सात मैलांचा. तक्रार बसची नव्हती, बस कुठे थांबते याची होती.

आपल्याकडेही अंतराचे कारण असेच कामी येते. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांत बदल केला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला पंचवीस टक्के जागा वंचित मुलांना देण्याचे बंधन उरले नाही. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. ‘जवळच शाळा आहे की’ हे वाक्य कानाला किती साधे लागते!

शार्लटमध्ये या साध्या वाक्याला सुरुंगाची जोड होती. चेंबर्स यांची मोटार उडवली गेली, घरावर बॉम्ब पडला, पुढे कचेरी जाळली. न्यायमूर्ती मॅकमिलन यांना धमक्या आल्या आणि जुन्या मित्रांनी बोलणे टाकले. २० एप्रिल १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने मॅकमिलन यांचा आदेश उचलून धरला. निकाल ‘स्वान’ याच नावाने ओळखला जातो. स्वत: डेरियस स्वान पुढे हवाई विद्यापीठात गेले, आशियाई रंगभूमीचा अभ्यास केला आणि भारतीय नाट्यपरंपरांवरच्या एका मोठ्या ग्रंथाचे सहलेखक झाले. शाळेच्या हद्दीचा कायदा ज्याच्या नावाने चालतो तो माणूस रासलीला नि नौटंकीचा जाणकार असावा, ही मला या इतिहासातली फार गोड गोष्ट वाटते.

निकालानंतर लगेच सगळे सुरळीत झाले असे नाही. पहिली तीन-चार वर्षे शाळांत मारामाऱ्या झाल्या, वर्ग बंद पडले. दरवर्षी मंडळ नवी योजना आणी आणि दरवर्षी एक गोष्ट तशीच राही. शहराच्या आग्नेयेकडचा धनिकांचा पट्टा बसच्या फेऱ्यांतून बराचसा वगळलेला असे. मुले पाठवायची ती काळ्यांनी आणि बेताच्या कमाईच्या गोऱ्यांनी. १९७४ च्या सुमारास मॅगी रे या गोऱ्या आईच्या पुढाकाराने काळ्या-गोऱ्या पालकांची एक समिती बसली. दोन्हीकडचे पालक एकमेकांच्या घरी नकाशे पसरून बसू लागले. त्यांनी सांगितले की ओझे सारखे वाटा. श्रीमंत ईस्टओव्हरची मुले वेस्ट शार्लट हायस्कूलमध्ये पाठवा. वेस्ट शार्लट ही काळ्या समाजाची अभिमानाची, जुनी शाळा. आणि काय नवल, बँकवाल्यांची आणि वकिलांची मुले तिथे जाऊ लागल्यावर त्या शाळेची अवस्था झपाट्याने सुधारली! ज्याचे स्वत:चे मूल त्या वर्गात बसते, तो गळके छप्पर बघून गप्प राहत नाही. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये काळ्या मुलांच्या बसवर दगड पडत होते. वेस्ट शार्लटच्या विद्यार्थ्यांनी बॉस्टनच्या विद्यार्थ्यांना बोलावून घेतले: या, आमच्याकडे कसे चालते ते बघा.

या यशाची किंमत मात्र सांगितली पाहिजे. काळ्या समाजाच्या कितीतरी शाळा या काळात बंद झाल्या. सेकंड वॉर्ड ही शहरातली काळ्यांची पहिली माध्यमिक शाळा १९६९ मध्ये बंद झाली. तिथले शिक्षक, बँड, खेळाचे चषक, जुन्या विद्यार्थ्यांचे मेळावे, सगळे विखुरले. एकत्र येणे म्हणजे बहुतेक वेळा काळ्यांनी गोऱ्यांच्या इमारतीत जाणे, असा अर्थ झाला.

तरी शार्लटला जे जमले ते इतर शहरांना का जमले नाही? माझ्या मते याचे मुख्य कारण लोकांच्या चांगुलपणात शोधू नये. ते १९६० सालच्या एका कंटाळवाण्या प्रशासकीय निर्णयात आहे. त्या वर्षी शार्लट शहर आणि भोवतालची मेक्लेनबर्ग कौंटी, म्हणजे साधारण आपला तालुका समजा, यांची शिक्षण मंडळे एक झाली. साडेपाचशे चौरस मैल, शंभरावर शाळा, चौऱ्याऐंशी हजार मुले, सगळी एकाच मंडळाखाली. त्यामुळे गोऱ्या कुटुंबाने शहर सोडून उपनगरात घर घेतले तरी मंडळ तेच. पळून जायला जागाच नव्हती. मग शाळा सुधारणेच भाग होते.

डेट्रॉइटमध्ये नेमके याच्या उलट. तिथे शहराचे मंडळ वेगळे आणि भोवती उपनगरांची डझनावारी मंडळे. गोरी कुटुंबे झपाट्याने बाहेर गेली होती आणि १९७० मध्ये शहराच्या शाळांत जवळजवळ दोनतृतीयांश मुले काळी होती. न्यायमूर्ती स्टीफन रॉथ यांनी विचार केला, की काळ्या मुलांना काळ्यांच्याच शाळांत इकडून तिकडे फिरवून काय साधणार? १९७२ मध्ये त्यांनी ५३ उपनगरी मंडळांना शहराच्या जोडीला बांधणारी योजना आखायला सांगितले. खळबळ उडाली. मिशिगनमध्ये ‘बस नको’ हे निवडणुकीतले सगळ्यात मोठे वाक्य झाले. त्याआधी, १९७१ च्या ऑगस्टमध्ये, जवळच्या पॉन्टियॅक गावात कू क्लक्स क्लॅनच्या लोकांनी दहा शाळाबस स्फोटाने उडवल्या होत्या. २५ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी रॉथ यांची योजना फेटाळली. उपनगरांनी स्वत: भेदभाव केल्याचे सिद्ध झालेले नाही, तेव्हा त्यांना यात ओढता येणार नाही, असे बहुमत म्हणाले. निकालाच्या दोनच आठवडे आधी रॉथ वारले होते. आपली मुले एकत्र शिकली नाहीत तर आपण एकत्र राहायला तरी कधी शिकणार, अशा अर्थाचे न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांचे विरोधी मतपत्र आजही वाचले जाते. १९५४ चा खटला वकील म्हणून जिंकणारे ते हेच मार्शल.

डेट्रॉइटच्या उत्तर भागात, एट माइल रोडजवळ, एक भिंत अजून उभी आहे. सहा फूट उंच, अर्धा मैल लांब. १९४१ मध्ये एका बांधकाम व्यावसायिकाने ती बांधली, कारण काळ्यांच्या वस्तीला लागून असलेल्या नव्या गोऱ्या वसाहतीला सरकारी कर्जहमी मिळत नव्हती. भिंत झाली आणि हमी मिळाली. १९७४ च्या निकालाने मंडळाच्या रेघेला या भिंतीइतकेच बळ दिले. रेघेला सिमेंट मात्र लागत नाही.

इकडे शार्लटला आपल्या कामगिरीचा अभिमान वाटू लागला होता. ८ ऑक्टोबर १९८४ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन प्रचाराला आले आणि बस योजनेने निरागस मुलांना सामाजिक प्रयोगातली प्यादी बनवले, असे म्हणाले. एरवी टाळ्यांचा कडकडाट करणारी त्यांचीच सभा गप्प झाली. ‘राष्ट्राध्यक्ष महोदय, आपण चुकलात’ अशा मथळ्याचा अग्रलेख स्थानिक वृत्तपत्राने दुसऱ्या दिवशी छापला.

मग हे सगळे विस्कटले कसे? शहर वाढले. बँकांमुळे देशभरातून नवी माणसे आली. त्यांना १९७० चा झगडा ठाऊक नव्हता. दिसत होती ती लांबची बस. १९९७ मध्ये एका गोऱ्या वडिलांनी दावा केला की वंशाच्या कोट्यामुळे माझ्या मुलीला हव्या त्या शाळेत जागा मिळाली नाही. न्यायमूर्ती रॉबर्ट पॉटर यांच्यापुढे तो आला. हे गृहस्थ न्यायाधीश होण्यापूर्वी बसविरोधी चळवळीत होते! १९९९ मध्ये त्यांनी निकाल दिला की जुना भेदभाव संपला आहे, आता वंश बघून प्रवेश नकोत. अपिले संपली आणि २००२ पासून शाळा पुन्हा वस्तीच्या झाल्या. नव्या हद्दी आखल्या गेल्या आणि जवळजवळ निम्म्या मुलांची शाळा बदलली. वेस्ट शार्लट थोड्याच वर्षांत पुन्हा गरीब, बिगरगोऱ्या मुलांची शाळा झाली.

या बदलाने मुलांचे काय झाले, हे बिलिंग्ज, डेमिंग आणि रॉकॉफ या तीन अर्थशास्त्रज्ञांनी पाहिले. त्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पद्धत मोठी चतुर होती. पूर्वी एकाच शाळेच्या हद्दीत असणारी, पण नवी रेघ मधून गेल्याने दोन बाजूंना पडलेली शेजारीशेजारची मुले त्यांनी घेतली. अल्पसंख्याक मुलांचे प्रमाण जास्त असलेल्या शाळेकडे ज्यांची पाठवणी झाली, त्यांचे गुण घटले, मग मूल गोरे असो की काळे. अशा शाळांकडे गेलेल्या काळ्या मुलग्यांना पुढे अटक होण्याचे प्रमाणही वाढले. मंडळाने या शाळांना जादा पैसा दिला तेव्हा अभ्यासातली घट काही अंशी भरून निघाली. गुन्ह्यांची वाढ मात्र भरून निघाली नाही.

हा निष्कर्ष दोन्हीकडून वाचता येतो. गोरा पालक म्हणेल, बघा, आमची भीती खोटी नव्हती. खरे आहे, नव्हती. पण ज्या शाळेत एकही वर्ष काढायला त्याचे मूल तयार नाही, त्या शाळेत दुसऱ्याचे मूल बारा वर्षे काढणार आहे. ती शाळा तशी झाली ती रेघेमुळे, आणि रेघ मागणाऱ्यांत तो स्वत: होता. दुसऱ्या बाजूला, रकर जॉन्सन या संशोधकाने देशभरातली माहिती दीर्घकाळ तपासून २०१९ मध्ये दाखवले की मिश्र शाळांत शिकलेली काळी मुले जास्त शिकली, जास्त कमावती झाली, आणि त्यांच्या गोऱ्या सोबत्यांचे काही नुकसान झाले नाही.

तरी बसला जादूची कांडी समजू नये. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या पन्नास मोठ्या महानगरांची तुलना केली. गरीब घरातले मूल वर चढण्याची शक्यता कुठे किती? शार्लट पन्नासावे आले. शहराला हा मोठा धक्का होता. पुष्कळांनी लगेच २००२ च्या बदलावर बोट ठेवले. पण हिशेब करून बघा, त्या अभ्यासातली मुले १९८० च्या आसपास जन्मलेली, म्हणजे बसच्याच काळात शिकलेली. शाळा दिवसातले सहा-सात तास एकत्र होती. संध्याकाळी बस ज्या वस्तीत परत सोडी, ती वस्ती तशीच होती.

आणि यात आपली माणसेही आहेत. भारतीयांना अमेरिकेचे दार खऱ्या अर्थाने उघडले ते १९६५ च्या स्थलांतर कायद्याने. नागरी हक्कांच्या चळवळीने देश ढवळून निघाला नसता तर तो कायदा झाला असता की नाही, शंकाच आहे. आज तिथे घर शोधणारे मराठी जोडपे सर्वांत आधी शाळेचे गुणांकन पाहते, मग स्वयंपाकघर. मुलासाठी पोटतिडकीने केलेल्या त्या निवडीत गैर काय, असे विचारले तर मलाही चटकन उत्तर देता येत नाही. माझ्याच नात्यातल्या एका मुलाने रस्त्याच्या अलीकडचे घर सोडून पलीकडचे, लहान आणि महाग घर घेतले. कारण विचारले तर म्हणाला, ‘काका, अलीकडची शाळा वेगळी लागते.’ त्या रस्त्याचा इतिहास त्याला कुणी सांगितलेला नव्हता.

२००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिअ‍ॅटल आणि लुइव्हिल या शहरांच्या खटल्यांत सांगितले की एकेका मुलाचा वंश बघून शाळा ठरवता येणार नाही. तो दावा लावणारी संघटनाही पालकांचीच. त्यामुळे शार्लटने पुढे उत्पन्न आणि पालकांचे शिक्षण हे निकष धरले. २०१७ मध्ये मंडळापुढे एक प्रस्ताव आला. डिलवर्थ ही सुखवस्तू वस्तीतली शाळा आणि शेजारची सेजफील्ड ही बहुतांशी गरीब मुलांची, या दोन्हींची हद्द एक करायची. लहान वर्ग एका इमारतीत, तिसरी ते पाचवी दुसऱ्या इमारतीत. सभांना पालकांनी गर्दी केली, वाद झडले. प्रस्ताव मंजूर झाला. पुढच्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिमंडळाने कायदा करून मेक्लेनबर्गमधल्या चार उपनगरी गावांना स्वत:च्या वेगळ्या शाळा काढण्याची मुभा दिली.